डिस्क वाकडी नव्हती

प्रिय अव्या,

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, ब्रेकच्या डिस्क वाकड्या झाल्यात, रविवारी घरीच बदलून टाकतो, एवढं सांगून तू फोन ठेवलास. मी गेल्याच आठवड्यात पुढच्या दोन्ही डिस्क आणि एका चाकाचे पाचही स्टड (चाकाचे नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे) बदलले. त्यात जे हाताला लागलं ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. रविवारच्या आत हे वाच.

दोन वर्षांपूर्वी मी याच गाडीच्या डिस्क बदलल्या होत्या. तेव्हाही थरथरच होती. नवीन डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे नवीन पॅड टाकले आणि पाच-सहा हजार किलोमीटर ब्रेक सुंदर लागला. मग हळूहळू तीच थरथर परत आली. मी डिस्कच्या मालाला दोष देत राहिलो. या वेळी डिस्क उतरवली आणि तिच्या मागे हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाच्या, बैठकीवर बोट फिरवलं, तर स्टडच्या बुडाशी गंजाची कडक खपली होती. नखाला जेमतेम लागेल इतकी. त्या खपलीवरच मी गेल्या वेळी नवी कोरी डिस्क चढवली होती.

आता हे नीट समजून घे, कारण सगळी गोम इथे आहे. डिस्क फिरताना किती डुलावी याची मर्यादा बऱ्याच गाड्यांना ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे साधारण एका केसाची जाडी. हबच्या बैठकीवर एका बाजूला तेवढी खपली राहिली, तर डिस्कच्या कडेपर्यंत जाता जाता तो फरक जवळपास दुप्पट होतो. पहिल्या दिवशी पायाला काही कळत नाही. पण ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला घासत राहते आणि हजारो किलोमीटरनंतर डिस्क कुठे जाड, कुठे पातळ होते. ब्रेक दाबला की जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागे ढकलतो, पातळ भाग आला की तो पुढे येतो. तो धक्का पायाला आणि स्टिअरिंगला जाणवतो. आपण म्हणतो डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, असमान झिजलेली असते, नाहीतर तिच्यावर पॅडचा माल डाग पडल्यासारखा चिकटलेला असतो.

म्हणून सांगतो, डिस्क बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे, हब साफ करायला एक तास ठेव. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, आणि प्रत्येक स्टडच्या भोवतीची ती गोल जागा खास. मी छोट्या छिन्नीने खपली उडवली. धातू चमकेपर्यंत थांबलो नाही. मग नवी डिस्क ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसली, कारण गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचा थर देतात आणि तो राहिला तर पॅड खराब होतात. दोन-तीन नट लावून डिस्क घट्ट बसवली, डायल गेज (डुलणं मोजायचं काट्याचं यंत्र) लावून हाताने फिरवली. काटा ०.०३ मिलिमीटरवर थांबला. अव्या, तो काटा बघून मला जे वाटलं ते तुला रविवारी कळेल. गेज नसेल तर कुणाकडून तरी मागून आण.

जुनी डिस्क हबला धरून बसली असेल तर हातोडा उचलण्याआधी तिच्यावर दोन आट्यांची भोकं आहेत का बघ. बऱ्याच डिस्कना असतात. त्यात मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ती आपोआप सुटते.

आता स्टडचं. चाक काढताना एक नट अर्धा फेरा सुटला आणि अडकला. टॉमीवर (पान्याच्या दांड्यावर) जोर दिला तर कट्ट आवाज झाला आणि स्टड नटसकट हातात. मागे एकदा पंक्चर काढताना त्या माणसाने हाताने दोन आटे न चढवता थेट एअर गनने नट मारला होता, मी समोर उभा होतो आणि बोललो नाही. याचा मला अजून राग आहे. चाक नुसतं स्टडवर टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून धरलं जातं. गरजेपेक्षा जास्त आवळला की स्टड कायमचा लांबतो आणि धरायची ताकद जाते. तुटलेल्याच्या शेजारचे चार तशाच गनने आवळलेले होते, म्हणून मी पाचही बदलले. माझ्या मते यात पैसे वाचवू नयेत.

जुना स्टड काढायला मीही आधी हातोडा घेतला होता, पण तो ठेवून दिला. हब बेअरिंगवर बसलेला असतो, प्रत्येक ठोका बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो. बॉल जॉइंट काढायच्या पुलरने दाबला की स्टड सरळ मागे जातो. हब फिरवून मागे मोकळी जागा सापडली तरच तो बाहेर येतो आणि नवा आत जातो. नसेल तर हब उतरवावा लागतो. माझ्या गाडीला जागा होती, तुझ्या गाडीला आहे का ते आधी टॉर्चने बघ. नवा स्टड घेताना नुसते आटे जुळवू नकोस, मानेवरच्या दात्यांचा व्यासही जुन्याशी मोजून घे. बसवताना वर तीन-चार जाड वॉशर, त्यांच्यामध्ये थोडं ग्रीस आणि एक जुना नट सपाट बाजूने आवळ. दाते हबमध्ये ओढले जातात. मागे स्टडचं डोकं पूर्ण टेकलेलं दिसेपर्यंत सोडू नकोस.

चाकाचे नट आवळताना आटे कोरडे ठेव. तेल लावलं तर पान्यावर तोच आकडा दिसून स्टडला ताण मात्र जास्त बसतो. नट किती जोराने आवळायचा याचा आकडा माझ्या गाडीला १०३ न्यूटन मीटर आहे, तुझा आकडा पुस्तकात बघ. समोरासमोरचे नट घेत, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (तो जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळ. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपास. नवे स्टड थोडे आणखी आत बसतात आणि नट सैल पडतो. माझे दोन पाव-पाव फेरा फिरले.

बाकी तुला माहीत आहे, तरी लिहितो. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड हवाच. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) पाइपवर लोंबकळू देऊ नकोस, तारेने बांध. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, सांडलं तर गाडीचा रंग खातं. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप कर, पहिल्यांदा ते थेट तळाला जातं. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी कर आणि डिस्क थंड होऊ दे. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभा राहू नकोस, तिथेच पॅडचा माल चिकटतो.

डिस्क उतरली की हबचा फोटो काढून मला पाठव, आणि साफ केल्यावर दुसरा. दुसरा बघितल्याशिवाय नवी डिस्क चढवू नकोस. मी रविवारी फोन जवळच ठेवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या