सुमे, 'असल्या' कॉलेजाबद्दल

प्रिय सुमे,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मोबाइलवर बोटं झिजवण्यापेक्षा सरळ पत्रच लिहावं म्हटलं. तुझ्या नणंदबाई इंग्लंडला येणार, त्यांचा मुलगा सोळाचा, गणितात रखडलेला, आणि त्याला शाळेऐवजी 'असल्या' कॉलेजात जावं लागणार म्हणून घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली! अगं, मी स्वतः असल्याच कॉलेजात जाते.

असल्या कॉलेजांना इथे 'फर्दर एज्युकेशन' म्हणतात, म्हणजे ना शाळा, ना विद्यापीठ. इथे सोळाव्या वर्षी जीसीएसई होते, आपल्या दहावीसारखी. पुढे अठरापर्यंत काही ना काही शिकत राहणं 2015 पासून इंग्लंडमध्ये बंधनकारक आहे. कुणी शाळेतच ए-लेव्हल, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखं, करतं, कुणी या कॉलेजात येतं. इथे ए-लेव्हलही असतात, पण खरी गजबज वायरिंग, गाड्या, केस कापणं, बालसंगोपन, स्वयंपाक अशा वर्गांची. 2020 पासून टी-लेव्हल नावाचा अभ्यासक्रमही आहे. त्यात निदान 315 तास प्रत्यक्ष एखाद्या कंपनीत काम करावं लागतं. आपल्या आयटीआयची आठवण येईल तुला, पण आयटीआयच्या आवारात पन्नाशीतल्या बाया संध्याकाळी हिशेब शिकायला येत नाहीत. इथे येतात, त्यातलीच मी एक.

आपली बी.कॉम. इथे कुणी विचारत नाही, म्हणून एएटीचा, म्हणजे हिशेबनीसाच्या परीक्षेचा, वर्ग धरलाय. डेबिट-क्रेडिट पुन्हा पहिल्यापासून! सुरुवातीला अपमान वाटला, आता मजा येते. शेजारी एक प्लंबर बसतो. हिशेबनीसाला पैसे देऊन देऊन वैतागला, म्हणून स्वतःच शिकतोय. पलीकडे शाळा नुकतीच सुटलेली पोरगी. मधल्या सुट्टीत भेटणारी एक बाई वृद्धाश्रमात काम करते आणि नर्सिंगला जाण्यासाठी 'ॲक्सेस'चा डिप्लोमा करते. शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्यांसाठी विद्यापीठाची ही मागची वाट. त्यासाठी घेतलेलं सरकारी कर्ज पुढे पदवी पूर्ण केली की माफ होतं. या वयात का, असं तिला कुणीच विचारत नाही. मला या कॉलेजाचं हेच सगळ्यात आवडतं.

वर्गात जाताना गवंडीकामाची शेड लागते, मी तिथे हमखास रेंगाळते. पोरं थापीने माल पसरतात, वीट ठेवतात, लेव्हल लावून बघतात, पुन्हा काढतात. मालात सिमेंट नसतंच, नुसता चुना आणि वाळू. म्हणजे मास्तरांनी भिंत तपासली की ती पाडायची, विटा खरवडून साफ करायच्या आणि त्याच विटांची दुसरी भिंत. एक पोरगा स्वतःची भिंत पाडताना इतका खूश होता की बघत राहावं.

आता गणिताचं. जीसीएसईत गणित किंवा इंग्रजीत चारच्या (म्हणजे साध्या पासच्या) खाली ग्रेड असली, तर अठरापर्यंत तो विषय सोडता येत नाही, मग तू केस कापायला शीक नाहीतर विटा रचायला. पुन्हा बसणाऱ्यांतली बहुसंख्य मुलं पुन्हा अडकतात. मला हा नियम अर्धाच पटतो. गणित हवंच, पण तोच पेपर पुन्हा पुन्हा देऊन कुणाला गणित आवडलंय?

तुझ्या सासूबाईंना एवढं सांग, की कमीपणा त्यांनाच वाटतो असं नाही. खुद्द इंग्रजांनाही ही कॉलेजं 'दुसऱ्यांच्या मुलांसाठी' वाटतात. शिक्षकांना शाळेतल्यापेक्षा पगार कमी. गरीब मुलांना मिळणारा आठवड्याचा 30 पौंडांपर्यंतचा भत्ता इंग्लंडमध्ये 2011 साली बंद केला. आणि परंपरा बघशील तर केवढी! कारागिरांसाठी लंडनमध्ये 1823 साली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली, 1854 साली कामगारांचं वर्किंग मेन्स कॉलेज. पुढच्याच वर्षी आपल्या पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. हे सासूबाईंना जरूर ऐकव, फुल्यांचं नाव काढलं की त्या ऐकतात.

आता कामाचं. अर्ज आधीच करायचा. ऑगस्टमध्ये जीसीएसईचा निकाल लागला की कॉलेजात झुंबड उडते आणि गाड्या, वायरिंगच्या जागा भराभर जातात. दहावीची मार्कशीट मूळ प्रत आणायला सांग. त्याच्या वयाला सहसा फी नसते, तरी व्हिसाचं कॉलेजात नीट विचारून घ्यायचं. मुख्य म्हणजे त्याला काय करायचंय ते कुणी विचारलंय का? तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यांची मतं होती, त्याचं नव्हतं. एकदा त्यालाच मला फोन करू दे, आईला शेजारी न बसवता.

नणंदबाईंना संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग हवा असेल तर तोही इथेच आहे. नव्याने आलेल्या मोठ्यांना बहुधा पूर्ण फी पडते, तेवढी मनाची तयारी असू दे.

तुझी,
नंदा