ज्या वचनांना तुम्ही घाईने उत्तर दिलं नाहीत, त्यांच्यासाठी आभार

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. बायबलमधला एखादा उतारा आतून टोचत असतो, पण विचारायची चोरी, अशी पुष्कळ विश्वासी माणसं मी पाहते. विचारलं तर आपला विश्वास कच्चा ठरेल, असं त्यांना वाटतं. तुमच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गात मला जे मिळालं, ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावं.

अस्वलांच्या उताऱ्यापासूनच सुरुवात करते. 2 राजे, अध्याय 2, शेवटची वचनं. संदेष्टा अलीशा बेथेलकडे निघाला आहे. मुलं त्याला टकल्या म्हणून चिडवतात, तो परमेश्वराच्या नावाने शाप देतो आणि रानातून दोन अस्वली येऊन 42 मुलांना फाडतात. रविवारच्या उपदेशात हा भाग माझ्या कानावर कधीच पडला नव्हता. वर्गात कुणीतरी तो काढला, तेव्हा तुम्ही आधी ती वचनं मोठ्याने, सावकाश वाचलीत. मग नेहमीची स्पष्टीकरणं हातचं न राखता मांडलीत. ती लहान मुलं नसून तरुणांचं टोळकं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. बेथेल म्हणजे यराबाम राजाने पूजेसाठी सोन्याचं वासरू बसवलेलं ठिकाण, तेव्हा तिथे परमेश्वराच्या संदेष्ट्याची टर उडवणं ही साधी थट्टा नसावी, असंही म्हणतात. आणि मग तुम्ही विचारलंत, "एवढ्याने तुमची बोच गेली का?" कुणाचीच गेली नव्हती. "माझीही नाही," म्हणालात.

धर्मशिक्षण देणाऱ्या माणसाच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते. पण तुम्ही तिथेच सोडूनही दिलं नाहीत. त्याच अध्यायात जरा आधी याच अलीशाने यरीहोचं वाईट पाणी मीठ टाकून चांगलं केलं, ते दाखवलंत. मग पुढे चौथ्या अध्यायात नेलंत. शुनेमच्या बाईचं मूल मेलेलं आहे. अलीशा दार लावून घेतो, प्रार्थना करतो, त्या मुलावर ओणवा होतो, तोंडाला तोंड, डोळ्यांना डोळे, हातांना हात लावून. मुलाचं अंग ऊबदार होतं. तो उठून घरात येरझाऱ्या घालतो, पुन्हा ओणवा होतो आणि ते मूल सात वेळा शिंकतं. "हाच तो माणूस," एवढंच तुम्ही म्हणालात. मुलांच्या त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्यावर पहिलीचं कोडं सुटलं असं मी म्हणणार नाही. पण ती एकटी काढून तिच्यावरून देवाबद्दल निकाल द्यायची माझी सवय मोडली, आणि ती गोष्ट वगळून पुढे जायचीही.

अंजिराच्या झाडाचंही तसंच. मार्कच्या अकराव्या अध्यायात येशूला भूक लागते, अंजिराच्या झाडावर नुसती पानं असतात, तो झाडाला शाप देतो, आणि हंगाम नव्हता असं खुद्द मार्कच लिहून ठेवतो. मग झाडाचा काय दोष? तुम्ही आम्हांला दोन कहाण्या कशा एकात एक गुंफल्या आहेत ते शोधायला लावलंत. आधी झाड, मधे मंदिरातला व्यापार उधळून लावणं, दुसऱ्या सकाळी मुळापासून वाळलेलं तेच झाड. पानं भरगच्च आणि फळ नाही, हे मंदिराबद्दल चाललं आहे, हे आम्हांला आमचंच उमगलं. याइराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडलेली स्त्री यांची गोष्टही मार्क अशीच सांगतो, हे मग कुणीतरी न विचारता सांगितलं, तेव्हा तुमचा चेहरा खुलला होता. मला मात्र त्या झाडाचं अजूनही वाईट वाटतं. तेही तुम्ही खोडून काढलं नाहीत, उलट लूकच्या तेराव्या अध्यायातला तो माळी दाखवलात, जो निष्फळ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो.

आता ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहिते आहे ते. आई गेली त्या दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण देवाची योजना सांगत होता. माणसं चांगली होती, प्रेमाने सांगत होती, पण माझ्याच्याने ऐकवत नव्हतं. तुम्ही आलात, माझ्याशेजारी बसलात आणि स्तोत्र 88 वाचलंत. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे कुठेतरी वळतात, आशेचा एखादा शब्द येतो. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तुम्ही त्यापुढे एक शब्द जोडला नाहीत. दीडशे स्तोत्रांमध्ये कुणीतरी हेही राहू दिलं, देवाच्या लोकांनी उपासनेत म्हणायचं म्हणून राहू दिलं, याचा मला किती आधार झाला ते मी तुम्हाला तेव्हा सांगू शकले नाही. त्या रात्री मी प्रार्थना केली. ती तक्रारच होती, पण देवाकडेच केलेली.

तेव्हापासून कुणाच्या घरी दुःख झालं की मी आधी ऐकते. कार्यालयातल्या एका मैत्रिणीने विचारलं, तुझा देव असा का वागतो? मी म्हटलं, मलाही कळत नाही, चल, दोघी मिळून त्यालाच विचारू. कनानी बाईने तेच तर केलं. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात ती आपल्या मुलीसाठी येशूकडे दया मागते, येशू आधी तिला उत्तरच देत नाही, शिष्य तिला घालवून द्यायला सांगतात, मग मुलांची भाकरी कुत्र्यांना घालू नये हे कठोर बोलणं. ती मागे हटत नाही, कुत्रीही मेजावरून पडलेला चुरा खातात, असं त्याच शब्दांनी त्याला उत्तर देते. आणि तिचा विश्वास मोठा ठरतो. एकच अध्याय आधी पाण्यावर चालून बुडू लागलेल्या पेत्राला येशूने अल्पविश्वासी म्हटलं होतं. हा शेजार मला तुमच्यामुळे दिसला. येशूशी वाद घालणाऱ्या परक्या बाईला जर अशी शाबासकी मिळते, तर आमच्या मंडळ्यांत प्रश्न विचारणाऱ्यांकडे भुवया उंचावून का बघावं?

हल्ली तरुणांचा शास्त्राभ्यास माझ्याकडे आहे. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःहून शास्ते 11 निवडलं आहे: लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते होमबली म्हणून अर्पण करीन, हा इफ्ताहाचा नवस, आणि सामोरी आलेली त्याची एकुलती एक मुलगी. देवाने तो नवस मागितल्याचं त्या अध्यायात कुठेही नाही, आणि त्या मुलीचं नावही नाही. मुलं यावरूनच मला घेरणार, हे नक्की. स्पष्टीकरणं मी वाचून ठेवली आहेत, तुमच्यासारखी आधी ती मांडेन. पण तुम्ही त्या दिवशी वर्गाला यावं अशी फार इच्छा आहे. बोलायचं नसेल तर बोलू नका. तुमचा गुडघा दुखतो म्हणून वर्ग तुमच्याच घरी घ्यायलाही सगळे तयार आहेत. दिवस तुम्ही सांगाल तो.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी