आधी मेलचं अकाउंट, मग बाकीच्या टिप्स

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतलं तंत्रज्ञानाचं पान मी नेमाने वाचते. गेम अडखळत असेल तर काय करावं, कॉम्प्युटर लवकर कसा सुरू होईल, इनबॉक्स कसा आवरावा, असे तीन रकाने त्यात असतात आणि त्यातली माहिती बहुतेक वेळा बरोबर असते. मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. त्या पानाचं कात्रण घेऊन माझ्याकडे येणारी माणसं आहेत, म्हणजे ते वाचलं जातं आणि करूनही पाहिलं जातं. म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं. मंद झालेलं मशीन घेऊन येणारा माणूस वैतागलेला असतो. मेलचं अकाउंट हातचं गेलेला माणूस मात्र रडवेला झालेला असतो, आणि त्याच्यासाठी मला फारसं काही करता येत नाही. आपले तिन्ही रकाने शेवटी त्या एका अकाउंटवर उभे आहेत, पण त्याबद्दल पानावर काहीच येत नाही.

गेमचंच घ्या. एक मुलगा नवीन कॉम्प्युटर जुळवून घ्यायला आला होता. जुन्या मशीनवर स्टीमचं, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं, अकाउंट वर्षानुवर्षं उघडंच होतं, त्यामुळे पासवर्ड किंवा कोड कधी लागलाच नव्हता. नवीन मशीनवरून लॉगिन करताच स्टीमने मेलवर कोड पाठवला. तो मेल आयडी होता त्याच्या मोठ्या भावाचा, कॉलेजने दिलेला. भाऊ कॉलेजातून बाहेर पडला तेव्हाच तो बंद झाला होता. विकत घेतलेले सगळे गेम, त्यातली प्रगती, मित्रांची यादी, सगळं त्या बंद आयडीच्या पलीकडे. त्याच्या नशिबाने जुनं मशीन अजून चालू होतं. त्यावर उघड्या असलेल्या अकाउंटमधून आम्ही आधी मेल आयडी बदलायला घेतला. त्याने ते मशीन आधीच विकलं असतं, तर स्टीमकडे अर्ज करून मालकी सिद्ध करत बसावं लागलं असतं. त्यासाठी ते खरेदीचा पुरावा मागतात. तेव्हा गेम विकत घेतल्याची पावती मेलमध्ये आली की ती पुसू नये, असं मी प्रत्येक गेम खेळणाऱ्याला सांगते. पण मुळात शाळा, कॉलेज किंवा नोकरीच्या ठिकाणी मिळालेल्या आयडीवर स्वतःचं कुठलंच अकाउंट काढू नये. तो आयडी आपला नसतो, वापरायला दिलेला असतो.

माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांना हे आठवत असेल. हा गेम बनवणाऱ्या मोजांग कंपनीची जुनी अकाउंट मायक्रोसॉफ्टकडे वळवून घ्यायला सांगितलं होतं आणि २०२३ मध्ये ती मुदत संपली. सूचना मेलवरच येत होत्या. ज्यांनी जुना आयडी उघडून बघायचं सोडलं होतं, त्यांच्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत, आणि पैसे देऊन घेतलेला गेम गेला.

कॉम्प्युटरचं तर त्याहून कठीण आहे, कारण तिथे फोटो आणि कागदपत्रं असतात. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की हे मागच्या मागे घडतं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. सोय चांगली आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला डिस्कमधलं काही वाचता येत नाही. पण मदरबोर्ड बदलला, कधी नुसता बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाला, तरी एक दिवस निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. आता ते अकाउंट कुणाच्या मेलवर? पुष्कळदा लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या माणसाने घाईत काढलेल्या कुठल्यातरी आयडीवर, ज्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. 'फॉरमॅट मारून द्या' म्हणतात लोक. फॉरमॅट मारता येतो, लॅपटॉप चालूही होतो. पण आतले फोटो परत येत नाहीत. ती की नसेल तर मी, कंपनी किंवा दुसरा कुणी तंत्रज्ञ ती डिस्क उघडू शकत नाही, आणि कुणी तसं छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्या हाती लॅपटॉप देऊ नये. ज्यांचा लॅपटॉप आज नीट चालतो आहे त्यांनी आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की दिसते का ते पाहावं आणि कागदावर उतरवून घ्यावी. ४८ आकडे आहेत, सावकाश लिहा आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून ताडून घ्या.

हे सगळं मेलशी बांधलेलं का आहे, ते एकदा स्पष्ट छापायला हवं. कुठल्याही साइटवर 'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक केलं की नवीन पासवर्डची लिंक मेलवर जाते. म्हणजे ज्याच्या हाती तुमची मेल, त्याला बाकी एकही पासवर्ड ठाऊक असायची गरज नाही. सगळ्या दारांच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगाव्यात, तसं हे आहे. ही व्यवस्था बदलणं आपल्या हातात नाही, पण ती खुंटी घट्ट करणं आहे.

पहिलं काम रिकव्हरीच्या, म्हणजे अकाउंट परत मिळवायला दिलेल्या, नंबराचं. अकाउंट काढताना दिलेला फोन नंबर आज आपल्याकडे आहे का? बंद केलेले नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात. तुमचा कोड मग अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. नंबर बदलला त्याच दिवशी मेलमधला नंबर बदलायचा, ही सवय लावून घ्यावी. दुसरं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू करावं आणि त्याबरोबर मिळणारे बॅकअप कोड कागदावर घ्यावेत. जीमेल ८ आकडी १० कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवला, पाण्यात पडला, तर हेच कोड कामी येतात. ते फोनमध्येच फोटो काढून ठेवणारे पुष्कळ भेटतात. फोन गेल्यावर उपयोगी पडायची वस्तू फोनमध्ये ठेवून काय होणार?

पासवर्डबद्दल जुने सल्ले अजून फिरत असतात, आपल्या पानावरही एकदा आला होता, की दर थोड्या महिन्यांनी पासवर्ड बदला. तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच आपल्या मार्गदर्शनातून हा आग्रह काढून टाकला. सारखं बदलायला लावलं की माणसं शेवटचा एक आकडा वाढवून मोकळी होतात. त्यापेक्षा लांब पासवर्ड असावा, आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरलेला नसावा. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. २०१३ मध्ये याहूवर जो हल्ला झाला त्यात त्यांची सगळी म्हणजे ३ अब्ज अकाउंट सापडली होती, हे कंपनीने स्वतः २०१७ मध्ये मान्य केलं. अशा ठिकाणाहून फुटलेल्या आयडी-पासवर्डच्या जोड्या चोर एकेका साइटवर यंत्राने लावून बघत राहतात. एखाद्या छोट्या गेमच्या साइटवर आणि मेलला एकच पासवर्ड ठेवला असेल, तर गेमची साइट फुटताच मेल उघडली.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर पत्र लिहायला बसले ती सांगते. मेलमध्ये कुणी शिरला असा संशय आला की लोक पासवर्ड बदलतात आणि निर्धास्त होतात. शिरलेला माणूस मात्र जाण्याआधी एक सोय करून ठेवतो. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा पत्ता घालतो, किंवा एखादा फिल्टर लावतो, की अमुक शब्द असलेली मेल आली की ती माझ्याकडे पाठव आणि इथून पुसून टाक. पासवर्ड कितीही वेळा बदला, हा नियम तसाच राहतो. एका बाईंच्या मेलवर महिनोन् महिने पासवर्ड बदलण्याच्या सूचना दिसतच नव्हत्या. त्यांना वाटायचं साइटच पाठवत नाही. फिल्टरची यादी उघडली तेव्हा त्यांनी कधीच न लावलेला नियम तिथे बसलेला होता. म्हणून संशय आल्यावर पासवर्डबरोबर फॉरवर्डिंगचं पान आणि फिल्टरचं पान, दोन्ही बघा. जीमेलमध्ये दातेरी चाकाच्या खुणेवरून सगळी सेटिंग उघडली की ती सापडतात, आउटलुकमध्ये रूल्स नावाखाली असतात. नंतर अकाउंटच्या सिक्युरिटीच्या पानावर कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ती यादी पाहून अनोळखी नाव दिसेल तिथून लॉगआउट करावं. रिकव्हरीचा नंबर आणि दुसरा मेल आयडी चोराने बदललेला नाही ना, तेही त्याच बैठकीत पाहावं. शांतपणे बसलं तर सगळं मिळून एक चहा निवायच्या आत होतं.

शिरकाव होतो कुठून? मुलांच्या बाबतीत मला दिसलेला मोठा रस्ता म्हणजे फुकटचे स्किन (गेममधल्या पात्रांचे पोशाख), चीट (गेममध्ये लबाडी करायचे प्रोग्राम) आणि क्रॅक केलेले, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेले गेम. फाइल झिपमध्ये येते, झिपला पासवर्ड असतो, म्हणजे अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही, आणि सोबत सूचना असते की इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा. ही ओळ वाचली की तिथेच थांबावं, असं मी मुलांना हात जोडून सांगते. त्यातले पुष्कळ प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालू असलेलं लॉगिनच उचलून नेतात. मग चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण साइटला वाटतं की आधीच आत असलेला माणूसच पुढे काम करतो आहे. यावर उपाय म्हणजे स्वच्छ असलेल्या दुसऱ्या डिव्हाइसवरून सगळीकडचं लॉगिन बंद करणं आणि नंतर पासवर्ड बदलणं. ज्या मशीनमध्ये चोर बसला आहे त्याच मशीनवर नवीन पासवर्ड टाइप करण्यात अर्थ नाही.

मोठ्यांच्या बाबतीत रस्ता अटॅचमेंटचा. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या व्हायरसची फाइल साध्या टेक्स्ट फाइलसारखी दिसत होती, कारण फाइलच्या नावाचा शेवटचा भाग विंडोज लपवतं आणि तिथे खरा प्रकार लिहिलेला होता. इतकी वर्षं झाली, तरी विंडोज तो भाग आजही लपवूनच ठेवतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत फाइल एक्स्टेन्शन दाखवायची खूण करून ठेवली, की पीडीएफचं सोंग घेतलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, लगेच उघडी पडते. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मशीनवर मी ही खूण करूनच देते.

जागेचंही पाहायला हवं. गुगलची फुकट मिळणारी १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून आहे. १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात. ती भरली की नवीन मेल येणं बंद होतं, आणि त्यात पासवर्डचे कोडही आले. इनबॉक्स एकेक करून आवरत बसण्यापेक्षा सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाची खूण दाबून आकाराच्या रकान्यात १० एमबीहून मोठ्या मेल शोधाव्यात. मूठभर मेलमध्ये पुष्कळ जागा अडकलेली असते. पुसलेलं ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतं, तेव्हा चूक झाली तर परत घेता येतं. आणि दुसरा आयडी रिकव्हरीसाठी दिला असेल तर तो अधूनमधून उघडावा. २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट पुसण्याचं धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणायला सुरुवात केली आहे.

वेगाच्या टिप्सबद्दल थोडंच. विंडोजमध्ये शट डाउन केल्याने मशीन पुरतं बंद होतंच असं नाही, फास्ट स्टार्टअपमुळे आतला काही भाग तसाच जपला जातो. अडखळणाऱ्या मशीनला आधी रीस्टार्ट द्या, मग पुढचं बघा. रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारे प्रोग्राम मात्र आपण कृपया सुचवू नयेत. मायक्रोसॉफ्ट स्वतः त्यांना पाठिंबा देत नाही, आणि त्यांनी बिघडवलेली मशीन मी उघडलेली आहेत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही पुन्हा एकदा ठळक छापावं. ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

आपल्याला एक विनंती. पुढच्या काही आठवड्यांत या पानावर एकच विषय घ्या: मेलचं अकाउंट. रिकव्हरीचं पान, बॅकअप कोड, फॉरवर्डिंग, फिल्टर, डिव्हाइसची यादी, एकेका आठवड्याला एकेक. पडद्याचं चित्र मोठं छापा, बाण काढून दाखवा, कारण कात्रण कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवून तसंतसं करणारे वाचक आपल्याकडे आहेत. त्यात इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरला एक आठवडा जरूर द्या. आपण ठरवलेल्या मुदतीपर्यंत अकाउंट वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय हाती द्यायचं, हे गुगलमध्ये आधीच लिहून ठेवता येतं. घरातलं माणूस गेल्यावर त्याचे फोटो मिळावेत म्हणून माझ्याकडे फोन घेऊन येणारे आहेत, आणि हे पान त्या माणसाने भरून ठेवलं असतं तर त्यांना माझ्याकडे यावंच लागलं नसतं.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
(कॉम्प्युटर दुरुस्ती तंत्रज्ञ)