आजोबांची मिशी आणि तुमची चौकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर मुलांच्या केसांच्या रंगाबद्दल एक चौकट होती. निळ्या पट्टीतली, चार ओळींची. पहिलीच ओळ अशी की काळा रंग प्रभावी असतो, त्यामुळे आई-वडील दोघांचे केस काळे असतील तर मूल काळ्या केसांचंच होणार. ही ओळ चुकीची आहे आणि ती चालत माझ्या दुकानात आली, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी ठाण्यात चरईत केस कापतो. दुकान वडिलांचं. अठराव्या वर्षी हातात वस्तरा घेतला, त्याला आता एक्केचाळीस वर्षं होतील. नौपाड्यातले पेन्शनर, चेंदणी कोळीवाड्यातली पोरं, कळव्याला राहायला गेले तरी न्हावी न बदललेले जुने गिऱ्हाईक, असा सगळा माझा गोतावळा. काही घरांतल्या तीन पिढ्या माझ्या खुर्चीत बसून गेल्या आणि चौथीची जावळं आता काढतो आहे. कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत नाही, पण डोक्यावर काय आहे ते बऱ्यापैकी कळतं.

तर त्याच रविवारी सकाळी एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. बाहेर पाऊस. सून बरोबर होती, पण आत आली नाही. पायरीवरच छत्री मिटत-उघडत उभी राहिली. मी खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकली, पोराला वर बसवलं, गळ्याला कापड बांधलं. पोराचे केस पिंगट. आजींनी पर्समधून तुमचं कात्रण काढलं, घडी उलगडली आणि आरशासमोर पावडरच्या डब्याखाली सरकवली. म्हणाल्या, "वाचा जरा. आमच्या घरातल्या सगळ्यांचे केस तुम्ही कापलेत. आमच्यात कुणाचे होते का असे?"

पोराचा बाप माझ्याकडेच लहानाचा मोठा झालेला. कोळशासारखे केस. सुनेचेही काळे. सोसायटीतल्या बायका म्हणे हसत विचारतात, "काय हो, सून कोकणस्थ का?" इथवर चेष्टाच होती. पण आजींचा आवाज त्या दिवशी चेष्टेचा नव्हता. मी पायरीकडे पाहिलं. सूनबाईचं तोंड रस्त्याकडे होतं, कान आत होते.

मी पोराचं डोकं भिजवलं नाही. भिजले की सगळ्यांचे केस काळेच दिसतात. कोरडाच एक पुंजका कंगव्यावर उचलला आणि खुर्ची दाराकडे फिरवली. ट्यूबलाईटखाली रंगाची पारख होत नाही, उजेडात होते. पुंजक्याच्या कडेला तांब्याच्या तारेसारखी झाक होती आणि ती मुळापासून टोकापर्यंत एकसारखी होती. उन्हाने उडालेला रंग तसा नसतो. तो टोकाला फिका असतो, मुळाशी गडद. म्हणजे हा रंग पोराने जन्मतःच आणलेला. ती झाक बघताबघता मला एकदम त्याचे आजोबा आठवले.

आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. पंचवीस-तीस वर्षं दर पंधरवड्याला यायचे. डोकं काळंभोर, पण मिशीची दोन्ही टोकं पिंगट, आणि दोन दिवस दाढी वाढली की हनुवटीखाली चक्क तांबडे खुंट दिसायचे. पांढरा केस यायच्या कितीतरी आधीपासून ते कलप लावून घेत. बसल्या बसल्या सांगायचे, "आधी मिशी, मग डोकं." पुढे डोकं पिकलं तेव्हा ते त्यांनी तसंच सोडून दिलं, मिशीचा कलप मात्र शेवटपर्यंत चुकला नाही. हे बाहेर बोलायचं नाही, हे आमच्यात कधी न बोलता ठरलेलं होतं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची गोष्ट खुर्चीतच ठेवायची असते. त्या दिवशी मी ती उठवली.

"वहिनी, साहेबांच्या मिशीचा रंग आठवतो का?"

आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "ती तपकीर ओढून झाली होती तशी. लग्नानंतर मला त्यांनीच सांगितलं होतं."

पायरीवर छत्रीआड कुणीतरी फस्सकन हसलं.

तपकिरीचा डाग मी शेकडो मिशांवर पाहिलाय. (तपकिरी हा रंगाचा शब्दच मुळी तिच्यावरून आला.) तो नाकाखाली, मिशीच्या मधोमध पडतो. टोकांपर्यंत जात नाही, हनुवटीखाली तर नाहीच नाही. शिवाय कात्रीने वरचा केस उडवला की डाग गेला. साहेबांची मिशी कितीही बारीक केली तरी मुळातूनच पिंगट उगवायची. हे मी आजींना शक्य तितक्या नरमाईने सांगितलं. नवऱ्याने चाळीस-पंचेचाळीस वर्षं मारलेली थाप तो गेल्यावर न्हाव्याकडून कळणं, हे काही बरं नव्हे. पण पोराच्या आईला त्या पायरीवर उभं ठेवणं त्याहून वाईट होतं.

(हे सगळं त्या घरातल्या दोघींना विचारून लिहिलंय. नाव, गल्ली लिहिलेली नाही.)

संध्याकाळी कात्रण मुलीला दाखवलं. ती बी.एस्सी. झालेली आहे. ती म्हणाली, "बाबा, ही चौकट नववीच्याच विज्ञानात नापास होते." नववीच्या पुस्तकात मेंडेल आहे. १८६६ साली त्याने वाटाण्यावरचा निबंध छापला. उंच आणि बुटक्या रोपांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी उंच निघाली. त्या उंचांपासून पुढची पिढी घेतली तर चारांत एक पुन्हा बुटकं. बुटकेपणा गेला नव्हता, दबून राहिला होता. प्रभावी शब्दाचा अर्थ एवढाच. तुमच्या चौकटीने प्रभावी हा शब्द वापरला आणि दबलेल्याचा हिशेब धरलाच नाही. समजा केसांचा रंग एकाच जनुकावर (म्हणजे आई-बापाकडून एकेक प्रत मिळणाऱ्या एकाच आनुवंशिक सूचनेवर) ठरत असता, तरी काळ्या केसांच्या आई-वडिलांकडे पिंगट रंगाची एकेक प्रत दबलेली असू शकते, आणि मग दर मुलामागे पिंगट केस यायची शक्यता चारांत एक.

आणि एकाच जनुकावर तर ते मुळीच ठरत नाही. मला हे कपाटातल्या ट्यूबांवरून पटलं. रंगाच्या ट्यूबांवर आकडे असतात. एक म्हणजे काळा, चार म्हणजे तपकिरी, दहाला पोचलं की फिका सोनेरी. गिऱ्हाईक नुसतं "काळा" म्हणतं. खरोखर एक नंबर लावला तर डोक्यावर टोप घातल्यासारखं दिसतं. आपल्याकडे बहुतेकांना दोन किंवा तीन शोभतो. म्हणजे आपण सरसकट ज्याला काळा म्हणतो त्यातच तीन पायऱ्या आहेत. कॉलेजची पोरं ब्लीच करायला येतात तेव्हा तर गंमत असते. काळ्या केसावर ब्लीच चढलं की आधी तांबडा, मग नारंगी, मग पिवळा असा रंग उतरत जातो. काळ्याच्या पोटातून तांबडा निघताना मी दर आठवड्याला बघतो.

त्याचं कारण मुलीने सांगितलं. केस टाळूबाहेर आला की तो मेलेलाच असतो; रंग भरला जातो तो आत मुळाशी. तिथल्या पेशी दोन तऱ्हेचं मेलॅनिन, म्हणजे केसाला रंग देणारं द्रव्य, बनवतात. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. काळ्या केसात पहिल्याचा भरणा, पण दुसरं थोडं तिथेही असतंच. कुठलं किती करायचं यात पुष्कळ जनुकांचा हात असतो. २०१८ मध्ये युरोपी वंशाच्या सुमारे तीन लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गुणसूत्रांवर (जनुकं जिथे असतात त्या धाग्यांवर) केसांच्या रंगाशी नातं असलेल्या शंभरावर जागा सापडल्या. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईची, एक बापाची. आईकडच्या दोनांतली कुठली यायची, बापाकडच्या दोनांतली कुठली यायची, हे दर मुलाला नव्याने ठरतं. म्हणून सख्ख्या भावंडांतही एकाला दोन नंबर आणि एकाला चार नंबर असतो. चार ओळींच्या चौकटीत हे मावणार कसं?

लाल केसांचं त्यातल्या त्यात सोपं आहे. एमसीवनआर नावाचं जनुक सोळाव्या गुणसूत्रावर असतं. त्याचा आणि लाल केसांचा संबंध १९९५ साली समोर आला. त्याच्या दोन्ही प्रती मंद असल्या की काळं मेलॅनिन कमी बनतं आणि केस लाल होतात. गोऱ्या लोकांत हे जास्त. एकच प्रत तशी असेल तर कधी कधी डोकं गडद राहतं आणि दाढी तेवढी लाल निघते. साहेबांच्या हनुवटीचा निकाल मी यावरून लावत नाही, मी न्हावी आहे, प्रयोगशाळा नव्हे. पण डोकं, दाढी आणि मिशी यांनी एकाच रंगाचं असलं पाहिजे असा नियम नाही, एवढं तर मी रोजच बघतो.

मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्यात आवडली. प्रशांत महासागरात सॉलोमन बेटं आहेत. तिथली माणसं काळ्या कांतीची, पण शंभरांतल्या पाच-दहा जणांचे केस सोनेरी. बाहेरचे लोक वर्षानुवर्षं काय म्हणायचे, तर ही गोऱ्या खलाशांची कृपा. म्हणजे तिथेही पायरीवर बायकाच उभ्या. २०१२ साली त्या लोकांच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा कळलं की सोनेरी रंग एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने येतो, तो दोन्हीकडून मिळावा लागतो, आणि युरोपातल्या सोनेरी केसांमागे हा बदल नाहीच. रंग त्यांच्या घरचाच होता. हे मी आजींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते काळे असून?" मी म्हटलं, "हो, आपल्याहून काळे असून."

पिढ्यान्पिढ्या सरळ उतरणारी गोष्टही असते, ती माझ्याच गिऱ्हाइकांत आहे. उथळसरच्या एका घरात कपाळाच्या मधोमध केसांची पांढरी बट आहे, जन्मापासूनची, आणि बटेखालची कातडीही तेवढीच पांढरी. आजोबांना होती, मुलाला आहे, आता नातीला आहे. या प्रकारात आई किंवा बाप, एकाकडून एक प्रत आली तरी पुरते, म्हणून दर मुलामागे शक्यता निम्मी. नातीच्या भावाला बट नाही. त्याच्या मुलांना ती त्याच्याकडून यायची नाही. नातीच्या आईने मला विचारलं होतं, बटेला कलप लावू का. मी नको म्हणालो. त्या घरातला माणूस मी तलावपाळीच्या गर्दीत लांबून ओळखतो.

केस पिकण्याच्या वयातही घराण्याचा वाटा असतो, पण त्याबद्दल चौकटीत काही नव्हतं, म्हणून मीही लांबण लावत नाही.

एका बाबतीत मात्र चौकट छापायचीच तर छापा. फिका केस म्हणजे दरवेळी आई-बापाचं देणं नसतं. घोडबंदर रोडला इमारतींची कामं चालू असतात, तिथल्या मजुरांची लहान पोरं कधी आमच्याकडे येतात. एकाचे केस गंजासारखे तांबूस, विरळ, कंगव्याबरोबर हातात येत होते, पाय सुजलेले. हा रंग आनुवंशिक नव्हे. खाण्यात प्रथिनं कमी पडली की केसांचा रंग उतरतो. त्या बापाकडून मी पैसे घेतले नाहीत, पोराला आधी सरकारी दवाखान्यात ने म्हणून सांगितलं. केस तुटका, कोरडा, सहज उपटून येणारा आणि पोर मलूल, असं दिसलं तर न्हाव्याकडे नको, डॉक्टरकडे जायला हवं. आमच्या चरईतल्या पोराचे केस दाट होते, चिवट होते, आणि ते फळीवर बसून मला सारखं विचारत होतं की मशीन चावतं का.

तान्ह्या बाळाबद्दलही लिहितोच. जावळ बघून पुढचा रंग सांगू नये असं माझे वडील म्हणत. जावळ भुरं असलेली कितीतरी पोरं आठवी-नववीत काळी झालेली मी पाहिली आहेत, कारण वाढत्या वयात मेलॅनिन वाढतं. हा पाच वर्षांचा गडीही कदाचित मिसरूड फुटेपर्यंत तीन नंबरवर येईल. न आला तर आजोबांचा कलपाचा डबा कुठल्या कंपनीचा होता ते मला ठाऊक आहे.

माझी मागणी एवढीच आहे की चौकटीतली चूक दुरुस्त करावी. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, त्याच निळ्या पट्टीत आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावी, कारण आजींचा चष्मा वाचायचा वेगळा आहे आणि तो त्या दुकानात आणत नाहीत. त्यांचं कात्रण अजून माझ्याकडेच आहे, पावडरच्या डब्याखाली. पुढच्या महिन्यात पोराला घेऊन येतील तेव्हा त्याच्या जागी मला तुमची दुरुस्ती ठेवायची आहे.

आपला नियमित वाचक,
एक केशकर्तनकार, चरई, ठाणे (पश्चिम)
(कृपया नाव छापू नये. गिऱ्हाईक लगेच ओळखू येतील.)