पाळीचा हिशोब शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या सल्ला केंद्रात, तुमच्यासमोर आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुली बसून गेल्या. आभार समक्ष येऊनही मानता आले असते. पण ‘पोरीची पाळी वेळेवर येत नाही’ म्हणून धास्तावलेल्या आयांना आणि दुसऱ्या वसतिगृहांच्या अधीक्षिकांनाही वाचता यावे, म्हणून आम्ही मुलींच्या वसतिगृहांच्या अधीक्षिका आणि विज्ञान शिक्षिका हे पत्र जाहीर लिहीत आहोत. तुमचे नाव मुद्दाम घातलेले नाही. तुम्हीच नको म्हणाल.

सगळ्यात आधी आभार त्या कार्डाचे. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर बारा महिन्यांच्या तारखा आणि चारच खुणा. जास्त गेले तर भरीव ठिपका, कमी गेले तर पोकळ गोल, नुसता डाग लागला तर आडवी रेघ, आणि खाली त्या दिवशी किती पॅड बदलले त्याचा आकडा. हे कार्ड भरायला घेतले की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात, कारण बहुतेक मुली मोजतातच चुकीचे. पाळी संपल्या दिवसापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजतात, किंवा नुसती तारीख धरून बसतात. अंतर मोजायचे ते रक्तस्राव सुरू झालेल्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. 3 जूनला आली आणि नंतर 9 जुलैला आली, तर अंतर 36 दिवसांचे. एखादीचे चक्र 26 दिवसांचे असेल, तर 2 जानेवारीला आलेली पाळी 28 जानेवारीला पुन्हा येणारच. ‘महिन्यात दोनदा आली’ म्हणून घरात रडारड होते, आणि मुलगी मात्र ठणठणीत असते. आदला डाग हा पहिला दिवस धरायचा नाही, पॅड घ्यावे लागले तो दिवस धरायचा, हेही तुम्हीच सांगितलेत. या एका नियमाने दोन-तीन दिवसांचे घोळ मिटतात.

दुसरा प्रश्न तुम्ही कधी चुकवत नाही: पहिली पाळी येऊन किती वर्षे झाली? वय विचारून इथे भागत नाही. पंधरा वर्षांच्या दोघींपैकी एकीला न्हाण येऊन चार वर्षे झालेली असतात, दुसरीला आठ महिने. दोघींना एक माप लावून चालत नाही. पहिल्या वर्षात पाळी कशीही पुढेमागे होते, दोन-दोन महिने येतही नाही. पुढच्या दोन वर्षांत 21 ते 45 दिवसांचे अंतर चालते. तीन वर्षे उलटली की 21 ते 35 दिवसांत बसायला हवी. पहिले वर्ष सरल्यावर एखादे अंतर जरी 90 दिवसांच्या पुढे गेले, तरी दाखवायचे. पंधरा पूर्ण होऊन पाळीच आली नसेल, किंवा छाती भरायला लागून तीन वर्षे झाली तरी आली नसेल, तरीही दाखवायचे. हे आकडे आता आमच्या वसतिगृहांत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत. आतल्या बाजूला अशासाठी, की मुलींना ते निवांत वाचता येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांत भरत नाहीत.

सुरुवातीला असे का होते, हे तुम्ही मुलींना ज्या साधेपणाने सांगता ते विज्ञानाच्या तासाला आम्हालाही जमलेले नव्हते. मेंदूकडून बीजकोशांना निरोप जायचा आणि तिथून उलट निरोप यायचा, ही ये-जा नीट बसायला काही वर्षे लागतात. तोवर बऱ्याच महिन्यांत स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. ते पडले नाही की अस्तराला आधार देणारे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक मात्र गर्भपिशवीचे अस्तर वाढवतच राहते. आधार नसलेले ते अस्तर मग कधी उशिरा आणि एकदम ढळते, कधी थोडेथोडे गळत राहते. म्हणजे उशीर आणि नंतरचा जास्तीचा रक्तस्राव, दोन्हींचे मूळ बऱ्याचदा एकच असते. ‘रक्त आत साठून राहते आणि विष होते’ ही आजीकडून आलेली भीती तिथेच निकाली निघते. पाळी पुढे गेली तर साठायला आत रक्तच नसते, असते ते अस्तर. एक अपवाद तुम्ही न विसरता सांगता. वय झाले, छाती भरली, पाळी एकदाही आली नाही आणि दर महिन्याला ठरल्यासारखे ओटीपोट दुखते, अशी मुलगी थेट डॉक्टरांकडे गेली पाहिजे. तिथे रक्त बाहेर यायची वाट अडलेली असू शकते आणि रक्त खरेच आत साठत असते.

आता पीसीओडी, म्हणजे संप्रेरके बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार. याबाबत तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. सोनोग्राफीच्या कागदावर ‘बीजकोशात बारीक गाठी’ असे आले की घरात सुतक पडल्यासारखे होते आणि पोरीच्या लग्नापर्यंत चर्चा जाते. त्या गाठी म्हणजे अर्धवट वाढलेली बीजे. या वयात त्या निरोगी मुलींच्या बीजकोशातही भरपूर दिसतात. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून किंवा एएमएच या बीजकोशातल्या संप्रेरकाच्या रक्ततपासणीवरून पीसीओडीचे निदान करायचे नाही. किशोरवयात दोन्ही गोष्टी लागतात: वयाच्या मापाने खरोखर अनियमित असलेली पाळी, आणि पुरुषी संप्रेरके वाढल्याची खूण, मग ती हनुवटी-छातीवरचे राठ केस असो, औषधाला दाद न देणारी मोठी पुटकुळी असो, नाहीतर रक्ताच्या तपासणीतला आकडा. एकच असेल तर मुलीला ‘लक्ष ठेवण्याजोगी’ म्हणायचे आणि काही काळाने पुन्हा पाहायचे. निदान करण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक) तपासायचे, कारण ती दोन्ही बिघडली तरी पाळी अशीच लांबते. आणि हार्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासून उपयोग नाही, आकडा दबलेला येतो. हे शेवटचे कित्येकांना ठाऊक नसते, आणि हजार-दोन हजारांच्या तपासण्या पाण्यात जातात.

मान काळवंडलेली असेल, वजन वाढलेले असेल, घरात मधुमेह असेल, तर साखरही पाहायला तुम्ही सांगता. वजन जास्त असलेल्या मुलीने वजनाचे पाच टक्के जरी उतरवले तरी पाळीत फरक पडू शकतो. साठ किलोच्या मुलीचे तीन किलो. हा आकडा ऐकून मुली प्रयत्नाला लागतात. ‘बारीक हो’ हे ऐकून कोणी लागत नाही.

सोनोग्राफीचे नाव काढले की आया गप्प होतात. मनात एकच असते, कुमारी पोरीची आतून तपासणी करतील. ‘पोटावरून करतात, कपडे फक्त ओटीपोटापुरते सरकवायचे, आधी तासभर चार-पाच पेले पाणी प्यायचे आणि लघवी रोखून धरायची,’ एवढे तुम्ही सांगितले की आई स्वतःहून तारीख विचारते. अशा मुलींची आतून तपासणी सहसा करावीच लागत नाही, हेही तुम्ही त्याच दमात सांगून टाकता.

भरतीच्या मुलींबद्दल वेगळे लिहायलाच हवे. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदान, संध्याकाळी गोळाफेक, आणि वजन वाढू नये म्हणून रात्रीची भाकरी बंद. तीन-चार महिन्यांनी पाळी थांबते, आणि मुलींना वाटते बरे झाले, कटकट गेली. इथे शरीर खर्चात कपात करत असते. खाणे कमी, श्रम जास्त असे दिसले की मेंदू बीजकोशांना निरोप पाठवायचे थांबवतो, इस्ट्रोजेन घसरते आणि हाडे ठिसूळ व्हायला लागतात. नडगीचे दुखणे बरे होत नाही ते बऱ्याचदा यामुळेच, आणि तसेच धावत राहिले तर हाडाला चीर जाते. तुम्ही अशा मुलींना पाळी आणायची गोळी देऊ दिली नाहीत. रक्त दिसते, हाडे तशीच राहतात. रात्रीची भाकरी पुन्हा सुरू, मैदानावरून आल्याबरोबर शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा दोन उकडलेली अंडी, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, हा तुमचा उपाय. पाळी यायला काही महिने लागतात हे आधीच सांगता, त्यामुळे मुली मध्येच सोडून देत नाहीत. आमच्या मते प्रत्येक भरती अकादमीच्या भिंतीवर हे लावायला हवे, पण तिथले सर या विषयावर बोलायला कचरतात.

जास्तीच्या रक्तस्रावाबाबत तुम्ही उलट घाई करता, आणि ते योग्यच आहे. पॅड तासा-दोन तासांत पूर्ण भिजते आणि असे लागोपाठ होते, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात, सात दिवसांच्या पुढे जाते, रात्री उठून बदलावे लागते. यातले एक जरी असेल तर हिमोग्लोबिन तपासायचे. बारा ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्त कमी, आठच्या खाली म्हणजे गंभीर. चक्कर येत असेल, धाप लागत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. पहिल्या पाळीपासूनच इतके जात असेल तर तुमचे पुढचे प्रश्न ठरलेले: नाकातून रक्त येते का, दात काढल्यावर थांबत नव्हते का, जरा धक्का लागला की काळेनिळे पडते का? रक्त गोठण्याचा जन्मजात दोष अशा मुलींमध्ये सापडू शकतो, आणि विचारले नाही तर वर्षानुवर्षे सापडत नाही. अशा मुलीने ॲस्पिरिन घ्यायची नाही.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, ही रक्त कमी होऊ नये म्हणून असते. रक्त आधीच कमी असेल तर ती पुरत नाही, डॉक्टर रोजची देतात. जेवणानंतर घ्यायची, सोबत लिंबू किंवा आवळा, चहा-दूध दोन तास लांब. शौचाला काळे होते, घाबरायचे नाही. आणि हिमोग्लोबिन बारावर आले की गोळी बंद करायची नाही, साठा भरायला पुढे आणखी तीन महिने लागतात. सगळे इथेच चुकतात.

दुखण्याबद्दल थोडक्यात. मेफेनॅमिक ॲसिड ही दुखणे कमी करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, दुखणे सुरू होताच आणि पोटात अन्न असताना. कळ असह्य झाल्यावर घेतली तर उशीर झालेला असतो. अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे. गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर ‘बाईच्या जातीला सोसावेच लागते’ म्हणून घरी बसवायचे नाही.

गौरी-गणपती आले की मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे पाळी पुढे ढकलायची गोळी, उचलली जाते. मैत्रिणीची उरलेली अर्धी पट्टी, मावशीने सांगितलेला डोस. ही गोळी पाळीच्या अंदाजे तीन दिवस आधी सुरू करावी लागते. ज्या मुलीची पाळी कधी येणार हेच ठाऊक नाही, तिने कशाच्या आधी तीन दिवस धरायचे? मग पूजेच्या दिवशीच डाग लागतो, आणि पुढचे दोन महिने कार्डावरच्या खुणांना अर्थ उरत नाही. रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती किंवा यकृताचा आजार असेल तर ही गोळी धोक्याची आहे, आणि दुकानदार हे विचारत नाही. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होते. त्याहून लांबली तर गर्भधारणेची चाचणी.

चाचणीवरून आठवले. पाळी चुकलेल्या प्रत्येक मुलीची लघवीची चाचणी तुम्ही सरसकट करता, चेहरा न बदलता, ‘सगळ्यांचीच करतो’ म्हणत. आईला पाच मिनिटे बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलता. एरवी आईसमोर एकही मुलगी तोंड उघडणार नाही.

2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून जास्त जाणे, पांढरे जाणे, पोट दुखणे असल्या तक्रारींवर थेट शस्त्रक्रिया. त्या बायकांना सोळाव्या वर्षी कोणी हातात कार्ड दिले असते तर, असे आम्हाला वाटत राहते. यावर यापेक्षा जास्त लिहवत नाही.

एक विनंती आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाचवी-सहावीच्या मुलींच्या आयांची बैठक घ्यायची ठरते आहे. तुम्ही यालच. त्या दिवशी सोनोग्राफीचा भाग आधी घ्या आणि कार्ड नंतर, कारण आयांच्या मनातला प्रश्न तोच असतो आणि तो सुटेपर्यंत त्यांचे बाकी कशात लक्ष लागत नाही. कार्डांची छपाई आम्ही करून ठेवतो. खुणांचा तक्ता या वेळी मागच्या बाजूला नको, तारखांच्या खालीच घेऊ. मुली कार्ड वहीत चिकटवतात आणि मागची बाजू वाचताच येत नाही.

आपल्या,
तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहांच्या अधीक्षिका आणि विज्ञान शिक्षिका