मन्याला पत्र : अचाफलायातले क्रॉफिश

प्रिय मन्या,

फोटो बघून तू विचारलंस की टेबलावर पेपर पसरून हे लालभडक काय ओतलंय, आणि एवढी माणसं उभ्याउभ्या काय खातायत. व्हॉट्सॲपवर दोन ओळीत सांगून भागणार नाही म्हणून रविवारी सकाळी निवांत बसून लिहितोय, तूही चहा घेऊन बस. ते क्रॉफिश. गोड्या पाण्यातले, चार-पाच इंचांचे, पुढे खेकड्याच्या नांग्या आणि मागे कोळंबीची शेपटी, जिवंतपणी काळपट लाल आणि उकळले की तू बघितलास तो रंग. आणि ती माणसं म्हणजे आमचे शेजारी, त्यांची मुलं, नातवंडं, भाचे, जावई, आणि त्यांच्यात आम्ही तिघं, मी, प्राची आणि आमची ओवी. घरातल्या म्हाताऱ्याला सगळे पॉपॉ म्हणतात आणि म्हातारीला मॉमॉ, म्हणजे आजोबा-आजी, आता ओवी पण तेच म्हणते आणि मी पण.

आम्ही राहतो ते लाफिएट, दक्षिण लुइझियाना. इथून पूर्वेला अर्ध्या तासाच्या आत अचाफलाया बेसिन लागतं, म्हणजे त्या नावाच्या नदीचं खोरं. अमेरिकेतलं नदीकाठचं सगळ्यात मोठं दलदलीचं जंगल, त्याच्यावरून हायवेचा पूल जातो तोच १८ मैलांचा आहे, गाडी चालवताना दोन्हीकडे नुसतं पाणी आणि पाण्यात उभी झाडं. मिसिसिपी आणि रेड या दोन नद्यांचं मिळून ३० टक्के पाणी या बाजूला सोडतात, वर धरणासारखी दारं आहेत, १९६३ पासून ते ठरवून केलं जातं. उत्तरेत बर्फ वितळलं, पाऊस झाला की वसंतात ते पाणी इथे जंगलात पसरतं, आणि या पाण्यावरच सगळा खेळ आहे बघ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की क्रॉफिश चिखलात बीळ करून खाली जातात, बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्यांचं धुराडं रचलेलं असतं, आत मादी अंडी शेपटीखाली धरून बसते. शरद ऋतूत पाणी चढलं की पिल्लं घेऊन बाहेर. मग हिवाळाभर कुजलेला पाला आणि त्यावरचे किडे खाऊन ती वाढतात आणि मार्च ते जून पकडायला तयार. पाणी उशिरा आलं तर सीझन उशिरा, कमी आलं तर छोटा. पॉपॉ सकाळी उठून पहिलं काय बघतो माहितेय, बट ला रोज नावाच्या गावाशी पाण्याची पातळी मोजतात तो आकडा. आपल्याकडे म्हातारे पंचांग बघायचे तसं.

गेल्या एप्रिलमध्ये त्याने मला बरोबर नेलं. हेंडरसन गावाजवळच्या बांधावर पहाटे बोट सोडली, सपाट बुडाची ॲल्युमिनियमची, पुढे आमिषाची बादली. आमिष म्हणजे मासे, पोगी नावाचा तेलकट मासा तुकडे करून, वास असा की शर्ट दोनदा धुवावा लागला. पाणी गार असतं तोवर मासाच चालतो, पुढे ऊन तापलं की गोळ्या मिळतात आमिषाच्या त्या वापरतात. सापळे प्लास्टिक चढवलेल्या बारीक तारेच्या जाळीचे, सायप्रसच्या झाडाला बांधून उभे केलेले, झाडाला रंगीत रिबीन म्हणजे ओळखू येतो आपला कुठला ते. आणि प्रत्येक सापळ्याचं वरचं तोंड पाण्याच्या वर. मला वाटलं काढायला सोपं म्हणून, तर पॉपॉने हात पाण्यात घालून ओंजळ वर काढली आणि म्हणाला रंग बघ, कडक चहाचा रंग होता, हे साचलेलं पाणी आहे, पाला कुजून कुजून यातली हवा संपते, सापळा पूर्ण बुडाला तर आतले सगळे गुदमरून मरतात. तोंड वर असलं की ते जाळी धरून वर चढतात आणि जगतात. मी पुढच्याच सापळ्यात बघितलं, खरंच वरच्या टोकाला गर्दी करून लटकलेले, नांग्या हवेत.

सापळा उचलायचा, ट्रेवर उलटा करायचा, बारके परत पाण्यात, मोठे जाळीच्या गोणीत, नवं आमिष, सापळा परत जागेवर, पुढचं झाड. बोलणं जवळपास शून्य. घरच्यासाठी पकडायचं तरी लायसन लागतं आणि माणशी दिवसाला १५० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे ६८ किलो, आपण त्याच्या जवळपासही गेलो नाही पण दोन गोण्या चांगल्या भरल्या. गोणी पाण्यात भिजवून सावलीत ठेवायची, ओली राहिली की ते बाहेरही जिवंत राहतात.

पोरांचं पकडणं वेगळं, आणि मला खरी आपली आठवण तिथे आली. पाऊस पडून रस्त्याकडेचे चर भरले की ही नातवंडं चौकोनी जाळ्या घेऊन निघतात, मधे कोंबडीची मान बांधलेली, जाळी तळाला टेकवायची, थोडं थांबायचं आणि काठीने सरळ वर. तिरकी उचलली की सगळे पळाले. ओवीला धरायला त्यांनीच शिकवलं, नांग्यांच्या मागे पाठीवर दोन बोटं, तिथे त्याची नांगी पोचत नाही. अरे मुठा, आपला गोड्या पाण्यातला खेकडा, तो धरायला तू मला असंच शिकवलेलंस ना, पहिल्या पावसात वहाळावर, बत्ती घेऊन, मागून अंगठा आणि बोट. आणि पोटाखाली पिल्लं असलेली मुठी मिळाली की काकूंच्या धाकाने परत सोडायची. हे मी पॉपॉला सांगितलं तर तो खूप खूश झाला, कुठल्या पाण्यात राहतात, बिळात जातात का, कधी निघतात, सगळं विचारून घेतलं त्याने.

आता शिजवणं. परसात गॅसची मोठी शेगडी, त्यावर ८० क्वार्टचं पातेलं म्हणजे पंचाहत्तर लिटरचं, आत जाळीची बालदी. आधी क्रॉफिश नळाखाली धुवायचे, पाणी नितळ येईपर्यंत. काही लोक मीठ टाकतात की पोट साफ होईल, पॉपॉच्या मते उगाच, त्याने काही साफ होत नाही, स्वच्छ पाणीच पुरे, आणि इथल्या युनिव्हर्सिटीतले लोकही हेच सांगतात. पाण्यात मीठ, लाल तिखट भरपूर, तमालपत्र, लिंबं अर्धी करून, कांदे, लसणाचे अख्खे गड्डे. बटाटे आधी. मग जिवंत क्रॉफिश. परत उकळी फुटली की तीन-चार मिनिटं आणि शेगडी बंद. खरं काम त्यानंतरचं, फ्रोझन मक्याची कणसं टाकायची म्हणजे पाणी एकदम गार व्हायला लागतं, आणि तसंच अर्धा तास मुरत ठेवायचं. निवताना कवचात रस ओढला जातो, वर तरंगणारे हळूहळू खाली बसायला लागतात, खाली बसले की झाले. काही ठिकाणी नुसते उकळून वरून मसाला भुरभुरवतात, बोटांना तिखट आणि मांस फिकं. मला विचारशील तर मुरवलेलेच खावेत.

मग सगळं टेबलावर पेपरवर ओतायचं आणि सगळ्यांनी उभं राहून खायचं. डोकं आणि शेपटी पिळून वेगळी करायची, डोकं चोखायचं, त्यात पिवळा गर असतो, मग शेपटीचं पहिलं कडं काढून बुडाशी चिमटा, मांस अख्खं बाहेर. एका माणसाला दीड-दोन किलो सहज लागतात कारण मांस निघतं वजनाच्या फार तर १५ टक्के. पहिल्यांदा मी एक सोलेपर्यंत पॉपॉची मुलगी सहा खाऊन मोकळी. आणि लहान पोरांना कोणी तरी सोलून देतंच, स्वतः खाता खाता, न बघता, समोरच्या बाळाच्या पुढ्यात ढीग होत राहतो.

पण मन्या, या घराचा खरा पदार्थ तो नाही. तो मॉमॉचा बिस्क. उकळायचं काम पुरुषांचं, बाहेर, बिअर हातात घेऊन, आणि बिस्क मात्र घरातल्या टेबलावर, दोन दिवस आधीपासून, बायका-मुली बसून. या वर्षी मी आणि प्राची दोघंही बसलो. मॉमॉ डोक्याच्या कवचात अंगठा घालून एका फेऱ्यात आतलं सगळं काढते, डोळे मिशा एका भांड्यात टाकायला, पिवळा गर दुसऱ्या भांड्यात ठेवायला, कवच तिसरीकडे. तिचा अंगठा सांध्यात वाकडा झालाय तरी तिच्या निम्म्या वेगाने कोणाला जमत नाही. मग शेपट्यांचं मांस बारीक करून कांदा, सेलरी, सिमला मिरची, पावाचा चुरा, तो पिवळा गर, सगळं परतून त्या डोक्यांत परत भरायचं, ओव्हनमधून काढायचं आणि दाट तपकिरी रश्श्यात सोडायचं, रस्सा म्हणजे तेलात मैदा तासभर हलवून हलवून भाजलेला. ताटात भात, वर रस्सा आणि मोजून भरलेली डोकी. सगळ्यांना सारखी, जावयाला पण जास्त नाही. चमच्याने आतलं काढून खायचं आणि रिकामी डोकी ताटाच्या कडेला रांगेत लावायची, पोरं मोजत बसतात.

हे गुड फ्रायडेला. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी मटण-चिकन चालत नाही पण मासे, क्रॉफिश चालतात, आणि सीझनही नेमका भरात असतो, त्यामुळे त्या दिवशी इथे गल्लीत घराघरातून तिखटाची वाफ येते, ठसका लागतो चालताना.

हे लोक केजन. मूळचे फ्रेंच, कॅनडात राहायचे, १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारातून हाकललं, कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांवर, त्यातले बरेच फिरत फिरत इथे दलदलीत आले. पॉपॉ पोरांना गोष्ट सांगतो की तिकडच्या समुद्रातले लॉबस्टर आपल्या माणसांच्या मागे चालत आले, आणि इतकं चालले की झिजून झिजून एवढेसे झाले, तेच हे क्रॉफिश. पोरं दर वर्षी ऐकतात आणि दर वर्षी शेवट आधी बोलून टाकतात. आज यांचा एवढा थाट आहे, ब्रो ब्रिज गावाला १९५९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने क्रॉफिशची जागतिक राजधानी म्हणून जाहीर केलं, मे महिन्यात जत्रा असते. पण पॉपॉच्या लहानपणी हे गरिबाचं खाणं होतं, डब्यात नेलं तर पोरं चिडवायची. आणि शाळेत फ्रेंच बोललं की शिक्षा. तो अजून सापळे मोजताना फ्रेंचमध्ये मोजतो, त्याच्या नातवंडांना दहापर्यंतच येतं. त्या दिवशी बोटीत तो मोजत होता तेव्हा मला फार वाईट वाटलं रे, ओवीचं मराठी आठवलं.

आणि हे सगळं टिकेलच असं कोणी धरून चालत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे भयंकर दुष्काळ पडला, जमीन तडकली, बिळातल्या माद्या बिळातच सुकून मेल्या. २०२४ चा सीझन गेला, भाव आकाशाला भिडले, गव्हर्नरने आपत्ती जाहीर केली. मोठा फटका शेतातल्या क्रॉफिशला होता, भातकापणीनंतर त्याच खाचरात पाणी भरून ते वाढवतात आणि बाजारातला बहुतेक माल तिथलाच. बेसिनचं दुखणं जुनं आहे. तेलासाठी कालवे खणले, खणलेली माती काठावर तशीच टाकली, त्या बांधांनी पाणी अडलं, जिथे वाहायचं तिथे साचतं आणि तो काळा चहा तयार होतो. वर नदीचा गाळ बसून जुने डोह भरतायत. मी तेलाच्याच धंद्यात नोकरी करतो, हे पॉपॉला माहितेय, त्याचा एक मुलगा पण तिथेच आहे. त्याने मला एकदा असा एक बांध दाखवला, अलीकडे पाणी काळं आणि पलीकडे गढूळ, वाहतं, जिवंत. बोलला काही नाही. मला मनापासून वाटतं की ते बांध जागोजागी फोडून पाण्याला वाट द्यायलाच हवी, आणि ऑफिसात विषय निघाला की मी हे बोलतो.

तर आता मुद्द्याचं. तू डिसेंबरात यायचं म्हणतोयस ते रद्द कर. डिसेंबरात इथे शेतातले बारके मिळतील, बेसिनमध्ये काहीच नाही. गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात ये, पॉपॉने स्वतः सांगितलंय, बोटीत तिघांना जागा आहे. रबरी बूट इथे आहेत, तुझ्या मापाचे. येताना कोकमं आण आणि काकूंचा घरचा मसाला, सुका असला की कस्टममध्ये सहसा काही म्हणत नाहीत, फक्त फॉर्मवर लिहून टाक.

आणि काकूंना एवढं विचार. मॉमॉने या वेळी सांगितलंय की पुढच्या गुड फ्रायडेला एक पातेलं आमच्या पद्धतीचं पाहिजे, बिस्कच्या शेजारी. प्राची म्हणते वाटण ती करेल, खोबरं-कांदा भाजून. पण मुठ्यांच्या आंगड्या म्हणजे नांग्या ठेचून, पाणी घालून, फडक्यातून रस गाळायचा आणि तो कालवणात सोडायचा, ते मी करणार आहे, इथे क्रॉफिशच्या नांग्यांचा. मला नीट आठवत नाही की काकू रस गार कालवणात घालायच्या की उकळत्यात, आणि तापल्यावर वर जो गोळा जमतो तो काकू मोडून आत ढवळायच्या की झाऱ्याने काढून घ्यायच्या. कोकम त्याच्या आधी की नंतर. विचारून लगेच कळव, व्हॉइस मेसेज पाठवलास तरी चालेल, काकूंच्याच आवाजात असला तर उत्तम, म्हणजे ओवी पण ऐकेल.

तुझा,
बंड्या