लघवीची पट्टी उपकेंद्रात आहेच, मंत्रिमहोदय!

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आमच्या निफाड तालुक्यात कांदा लावायला जाणाऱ्या बाईच्या गालावर डाग दिसले की सगळ्यांचं निदान एकच, वांग. मग मेडिकलमधून स्टिरॉइडचं क्रीम येतं. सांधे धरले तर वात, केस गळले तर रक्त कमी, तोंड आलं तर उष्णता. हे सगळं एकाच बाईला एकाच वेळी होतंय, हे जोडून कोणी बघत नाही. ल्युपस हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाय सुजले होते आणि प्रकरण किडनीपर्यंत गेलं होतं.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दहातल्या नऊ रुग्ण बायका, त्याही बहुतेक १५ ते ४५ वयातल्या. आणि आशाताई घरोघरी फॉर्म भरतात तो तिशीपुढच्यांचा, बीपी-शुगर-कॅन्सरसाठी. बावीस वर्षांची पोर त्यात येतच नाही. तिची लघवी तपासली जाते ती गरोदर राहिल्यावर.

ती पट्टी मात्र उपकेंद्रात असतेच! ल्युपस किडनीत शिरतो तेव्हा सुरुवातीला काही दुखत नाही. लघवीतून प्रथिनं जातात आणि पट्टीचा रंग बदलतो. म्हणून मागणं एवढंच: बारीक ताप, सांधेदुखी, तोंडातले फोड, उन्हाने वाढणारी गालावरची लाली, यातलं दोन-तीन एकत्र आणि काही आठवडे टिकून असेल, तर त्या मुलीचं बीपी आणि लघवी तिथेच बघायला सांगा. प्रथिनं निघाली तर थेट जिल्हा रुग्णालयात पाठवा. पट्टी कोरी निघाली तरी डॉक्टरांना दाखवायचंच, हेही परिपत्रकात येऊ द्या. ल्युपसचा संशय आल्यावर करायची एएनए ही रक्ततपासणी पुढे डॉक्टर ठरवतील. ती निरोग्यांमध्येही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे गावोगावी सरसकट करू नका.

१० मे हा जागतिक ल्युपस दिन. त्या दिवशीच्या व्याख्यानापेक्षा आरोग्य केंद्रात केसपेपरच्या रांगेसमोर एक पोस्टर लावा. चित्र मात्र सावळ्या चेहऱ्याचं हवं. पुस्तकातली गोऱ्या गालावरची गुलाबी लाली आमच्या कातडीवर जांभळट, काळपट दिसते. ती दोन्ही गालांवर आणि नाकावर पसरते, पण नाकपुडीपासून ओठाकडे उतरणारी घडी बहुधा मोकळी सोडते. एवढं रांगेतल्या बाईला सहज ओळखता येईल.

ल्युपसची मुख्य गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. २०२० मध्ये कोरोनावरचं औषध म्हणून तिच्यावर उड्या पडल्या आणि आम्हा रोज घेणाऱ्यांना दुकानदारांपुढे हात जोडावे लागले. ती ग्रामीण रुग्णालयात कायम ठेवा. ऊन टाळा, असं डॉक्टर सांगतात. रोजाने जाणारीने ते कसं टाळायचं, हे तुमच्या खात्याला विचारत नाही. पट्टी, पोस्टर आणि गोळी या तिन्ही गोष्टी मात्र तुमच्याच सहीच्या आहेत.

आपली विश्वासू,
एक ल्युपस रुग्ण,
निफाड तालुका, जि. नाशिक